विघटकांवरील स्वारी आणि वांग्यांचा निवाडा

श्रीभूमाता प्रसन्न असो, आणि तिच्या पोटी जे जे वळवळते तेही प्रसन्न असो. शके सोळाशे ऐंशी, बहुधान्यनाम संवत्सर, आषाढमासी एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. राज्याचे नाव पुसू नये. वांगी उत्तम होत, इतके सांगितले म्हणजे पुरे. तेथील राज्यकर्त्या श्रीमंतांस भरीत बहुत प्रिय, आणि भरताची वांगी खासबागेत होत, आणि खासबाग चिमाबाई माळीण राखीत असे. बाई दिवसभर उकिडवी बसून माती न्याहाळी, आणि बागेतील जीवांस तिने कामावरून नावे दिली होती: उन्हाच्या बळावर आपले अन्न आपण करिती ती झाडे उत्पादक, झाडांस अथवा एकमेकांस खाती ते भक्षक, आणि मेल्यापडल्याची माती करिती ती गांडुळे, शेणकिडे, अळंबी वगैरे मंडळी विघटक.

दरसाल आषाढात बागेचे वर्तमान दरबारी धाडायचे, तैसे तिने धाडिले. चिटणीस वाचू लागले की, उत्पादक खुशाल आहेत, भक्षक बेताने आहेत, आणि विघटक जमिनीखाली अष्टौप्रहर काम करीत असून त्यांची गणती होत नाही. इतके ऐकताच सरलष्कर सुभानराव ताडकन उठले आणि तलवारीवर हात ठेवून बोलिले की, राज्याचे विघटन करणारे खुद्द खासबागेत भुयारे खणून बसले आणि आम्ही येथे विडे चघळतो. चिटणीस म्हणाले, पुढे आणखी मजकूर आहे. सरलष्कर म्हणाले, आता मजकूर कशास, फौज पाहिजे. मग तीनशे लोक कुदळी घेऊन बागेत शिरले आणि बाग उलथीपालथी केली, आणि भुईवर एक वाळके पान न राहे ऐसे झाडून काढिले, आणि गांडुळे हंड्यांत भरिली, आणि शेणकिडे आपापल्या गोळ्यांसह धरिले. अळंबी छत्रे धरून उभी होती, ती राजचिन्हे चोरिली म्हणून प्रथम उपटिली. आणि सर्वांस ओढ्यापलीकडील माळावर हद्दपार केले. चिमाबाई वाट अडवून सांगत होती की अहो, ही गांडुळे आहेत. सरलष्कर म्हणाले, “वेषांतर केलं आहे.” मग नौबत झडली आणि साखर वाटिली.

पुढे आश्विनात बागेची माती पाट्यासारखी घट्ट जाहली, पाणी वरच्यावर वाहून जाई, आणि वांगी सुपारीएवढी होऊन गळू लागली. श्रीमंतांच्या ताटी भरीत दिसेना, त्यामुळे मर्जी खप्पा जाहली. सरलष्करांनी अर्ज केला की माळीण आळशी, तिजला काढावे आणि बाग घोड्यांच्या रपेटीस द्यावी. बाईस त्या बागेवाचून दुसरे घर नाही आणि दुसरे काम ठाऊक नाही. परंतु ती रडत बसली नाही. ओढ्यावर गेली, आणि पाहते तो पलीकडे, जेथे हद्दपार मंडळी टाकिली होती तेवढ्याच तुकड्यात, कमरेइतकी हिरवळ. तेव्हा तशीच दरबारी येऊन बोलिली:

“सरकार, मी पाहिलं ते निरीक्षण, विघटक गेले म्हणून वांगी गेली असं मला वाटतंय ते अनुमान. पण वाटतंय म्हणून खरं मानू नका. दोन वाफे द्या, प्रयोग करून बघू.”

श्रीमंतांनी पौषी अमावास्येची मुदत दिली. हरल्यास बाग सोडावी ऐसे ठरले. चिटणिसांनी हळूच पुसिले की, बाई, खरेच हरलीस तर काय लिहावे. “हरले, असंच लिहा,” बाई म्हणाली. “वांगी खोटं बोलत नाहीत, कागदानंही बोलू नये.”

मग दोन वाफे केले. रोपे सारखी, पाणी सारखे, ऊन सारखे, पालापाचोळाही सारखाच पसरिला. फक्त बाईच्या वाफ्यात ओढ्यापलीकडून आणिलेले विघटक सोडिले आणि सरलष्करांच्या वाफ्यात एकही सोडिला नाही. फरक एकच ठेवायचा, कारण दोन ठेविले तर कोणामुळे काय जाहले ते उमगत नाही. हे सरलष्करांस काही पटेना, आणि एके दुपारी ते आपल्या वाफ्यात चोरून गुळाचे पाणी ओतताना सापडले. बाई रागावली नाही. म्हणाली, “ओतलंत तर ओतलंत, रावसाहेब. आता तेवढंच माझ्याही वाफ्यात ओता.” मग सरलष्करांनी भर उन्हात घागर खांद्यावर वाहिली, आणि पहाऱ्याचे शिपाई तोंडाला शेला लावून भिंतीकडे वळून हसत होते.

अमावास्येस श्रीमंत स्वतः आले. सरलष्करांच्या वाफ्यात पाने पडली होती तशीच कोरडी पडून होती, आणि तीन वांगी, तीही चिंचोक्याएवढी. बाईच्या वाफ्यात पानांची काळी भुसभुशीत माती जाहली होती, आणि वांगी ऐसी की फांद्या वाकून भुईस टेकल्या. तेथेच निखारे फुलवून भरीत केले, आणि श्रीमंत मांडी घालून बसले, आणि भरताशी दोन भाकरी जेवले. मग पुसिले, यास काय म्हणावे.

“हाच निष्कर्ष, सरकार.”

“मग निष्कर्ष आणखी थोडा वाढा.”

ऐसी मर्जी सुप्रसन्न जाहली. बाग चिमाबाईकडे हयातभर कायम केली, आणि विघटकांची हद्दपारी रद्द जाहली, आणि उरली मंडळी सनई-चौघड्यासह हंड्यांतून परत आणिली, आणि सरलष्करांनी त्यांस मुजरा करावा ऐसा हुकूम जाहला. सुभानराव हंड्यापुढे वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि मग हलकेच पुसते जाहले:

“बाई, यांचं तोंड कुठल्या बाजूला?”

“चालू लागलं की कळेल,” चिमाबाई म्हणाली. “तोवर वाकून बघत राहा.”

आणि सरलष्कर बघत राहिले, आणि थोड्या वेळाने त्यांनी पगडी काढून बाजूस ठेविली आणि अंमळ जवळ सरकले.

येणेप्रमाणे फौजेने गांडुळे जिंकिली, गांडुळांनी वाफा जिंकिला, आणि बाग जिची होती तिचीच राहिली. पाहिले ते लिहिले, न पाहिले ते विचारून लिहिले. इति.