हंड्याची नक्कल

सन एकोणीसशे पंचेचाळीसच्या माघात बयाबाईंचा तांब्याचा हंडा चोरीस गेला आणि चौथ्या दिवशी सापडला. इथपर्यंत कारभार चोख होता. शिराळ्याच्या बाजारात हंडा विकायला बसलेला बाळासो पकडला गेला, हंडा आमच्या गावच्या ठाण्यात जमा झाला आणि बयाबाईंनी फिर्यादीवर डावा अंगठा उठवला. चोराने आपलं काम केलं, पोलिसांनी आपलं केलं. राहिलं ते फक्त हंडा परत मिळणं.

हे मी सांगतो आहे, कारण मी बाहुबली कासार. त्या हंड्याच्या गळ्यावर 'नाथाजी यांजकडून सप्रेम भेट' हे नाव बाईंच्या लग्नात मीच घातलं होतं. नाथाजी त्यांचा भाऊ. पुढे पटकीने गेला. आता वैशाखात लेकीचं, अंजनाचं लग्न होतं आणि मामाचा हंडा तिच्या रुखवतात मांडायचाच, असा बाईंचा हट्ट. लढाईपायी तांबं औषधालाही मिळत नव्हतं. मिळालं असतं तरी ते नाथाजीने दिलेलं नसतं.

कोर्टाने सांगितलं, फिर्यादीची नक्कल आणा. बाई ठाण्यात गेल्या. तिथले कारकून विष्णुपंत फार नियमाचे गृहस्थ. शिंक आली तरी ती आवकेत नोंदवावी की जावकेत, याचा आधी विचार करीत.

"नक्कल कशाला?" त्यांनी विचारलं. "फिर्याद तुम्हीच सांगितलीत ना? मग तीत काय आहे ते तुम्हांला ठाऊक आहे. ठाऊक असलेली माहिती सरकार पुन्हा देत नाही."

"आवं, पन कोर्टाला कुटं ठावं हाय?"

"मग कोर्टाने अर्ज करावा."

बाईंनी मास्तरांकडून स्वतःच्या नावाने अर्ज लिहून आणला. विष्णुपंतांनी तो दोनदा वाचला, आत जाऊन हंडा पाहिला आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर आले.

"नक्कल ज्याची चोरी झाली त्यालाच मिळते. हंड्यावर नाव नाथाजींचं आहे. म्हणजे चोरी त्यांची झाली. तुम्ही नुसती बातमी दिलीत."

"त्यो माजा भाऊ हुता. मरून धा वर्सं झाली की!"

"असू द्या. अर्जावर त्यांची सही आणा."

जामिनावर सुटलेला बाळासो बाहेर पायरीवर विडी ओढत बसला होता. त्याच्या खिशात त्याच फिर्यादीची शिक्का मारलेली कोरी करकरीत नक्कल होती. आरोपीला बचाव करायचा असतो, म्हणून त्याला ती न मागता मिळाली होती.

"मावशे, माजी घ्या की," तो म्हणाला. "मला कुटं वाचाय येतंय?"

सबंध प्रकरणात बाईंशी माणसासारखा बोलला तो एवढाच, हे सांगताना मला लाज वाटते.

बाईंनी ती नक्कल विष्णुपंतांपुढे ठेवून, "हिच्यावानी एक मला द्या," असं म्हटलं. विष्णुपंतांनी शिक्का पाहिला, क्रमांक पाहिला, मग बाईंना पाहिलं. आरोपीचा सरकारी कागद परक्या बाईच्या हाती! त्यांनी तिथल्या तिथे त्याच प्रकरणात बाईंवरही गुन्हा नोंदवला. आणि इथून सगळं सुरळीत झालं. बयाबाई आरोपी झाल्या, म्हणून मूळ फिर्यादीची नक्कल त्यांना पाव तासात, बसायला बाक देऊन मिळाली. बाईंनी ती कपाळाला लावली.

ती पाहून कोर्टाने हुकूम दिला : हंडा, त्यावरील नाव पाहून, मालकास द्यावा.

लग्नाला दोन दिवस उरले होते. नाव ओळखायला बाई मला सोबत घेऊन गेल्या. वाटेभर मी लग्नाच्याच गोष्टी काढल्या. आदल्या आठवड्यातच विष्णुपंतांनी मला बोलावलं होतं. म्हणाले, मुद्देमालाची सरमिसळ होते, तेव्हा प्रत्येक भांड्यावर ठाण्याचं नाव घाला. एका भांड्यावर दोन नावं म्हणजे घोटाळा, तेव्हा जुनं कानशीने घासून काढा. मी काढलं. सरकारी कामाला नाही कोण म्हणणार?

विष्णुपंतांनी हंडा उजेडात धरला आणि मोठ्याने वाचलं, "पोलीस ठाणे." मग हुकुमावर शेरा मारला, 'माल मालकाच्या ताब्यात आहे', आणि हंडा पुन्हा फौजदारांच्या आंघोळीच्या चुलाण्यावर चढवला.

बयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "बाहुबलीअन्ना, ह्ये तुमचंच अक्षर न्हवं?"

मी हो म्हणालो. अक्षर सुबक आलं होतं.

अंजनाच्या रुखवतात हंड्याच्या जागी चौरंगावर ती नक्कल मांडली होती. वऱ्हाडी वाकून वाचत होते, 'तांब्याचा हंडा एक, किंचित पोचा आलेला.' बाई पदराने डोळे पुसत होत्या आणि मी जिलबी वाढत होतो.

तुम्हांला माझा राग आला असेल. येऊ द्या. पण आधी स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांवरची नावं वाचा. कशावर आत्या, कशावर मामा; स्वतःचं नाव शोधून सापडायचं नाही. कुणाच्या घरी कुणाच्या नावाची भांडी आहेत, याची यादी विष्णुपंतांनी माझ्याकडे मागितली आहे. मी ती लिहितो आहे. तुमच्या शेजाऱ्यांचं घर काल लिहून संपलं.