मॅमॉच्या थडग्यापाशी अडणारं मशीन

गुरुवारी दुपारी व्हर्लनचं गवत कापायचं मशीन तिसऱ्यांदा त्याच्या सासूच्या थडग्यासमोर येऊन अडलं, तेव्हा ऑलेटा हॅम-बिस्किटांचा डबा घेऊन दफनभूमीचा चढ चढत होती. आधी मशीन मंदावलं. मग त्यानं डावीकडे मान वळवल्यासारखं केलं आणि ‘झेल्फा कॉम्ब्ज’ कोरलेल्या दगडाकडे बरोबर तोंड करून ते उभं राहिलं. इंजिन धडधडत होतं, पण चाकं काही केल्या पुढे सरकेनात. मास्तरीणबाईंनी नाव पुकारलेल्या पोरासारखं ते खाली मान घालून उभं होतं.

“पुन्हा?” ऑलेटानं विचारलं.

“पुन्हा. आणि पुन्हा इथंच.” व्हर्लननं टोपी काढली. “तुझी आई, ऑलेटा.”

“माझ्या आईचं काय?”

“काही नाही. नुसतं आपलं म्हटलं.”

नुसतं म्हणण्याची ही वेळ नव्हती. रविवारी डेकोरेशन होतं. ओहायोपासून इंडियानापर्यंत पांगलेली सगळी माणसं त्या दिवशी डोंगरात परत यायची, आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवायची आणि झाडांखाली लांबलचक टेबलं मांडून जेवायची. त्याआधी टेकडीवरचं गवत कापलेलं असलंच पाहिजे. शाळेची बस चालवणं थांबल्यापासून हे एकच काम व्हर्लनचं म्हणून उरलं होतं. पण ऑलेटाचा थोरला भाऊ आर्व्हिल दफनभूमी समितीचा मुख्य होता आणि त्यानं भर चर्चमध्ये सांगून टाकलं होतं, “शनिवारपर्यंत झालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून शहरातला ठेकेदार.” त्या दिवसापासून व्हर्लनच्या घशाखाली कॉर्नब्रेडसुद्धा नीट उतरत नव्हता.

आणि मशीन तर त्याचा जीव की प्राण. त्याला स्टिअरिंग नव्हतंच, नुसते दोन दांडे. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन वळायचं. मागच्या प्रत्येक चाकाला स्वतःचा वेगळा गिअरबॉक्स, आतल्या तेलासकट सीलबंद. तीन वर्षांपूर्वी मशीन घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, “ह्याला हात लावायचा नाही, मिस्टर स्टिडम. जन्मभरासाठी सील केलंय.”

“कुणाच्या जन्मभर?” ऑलेटानं तेव्हाच विचारलं होतं. “ह्यांच्या का मशीनच्या?”

दुकानदार हसला, पण व्हर्लन हसला नाही. त्याच आठवड्यात पाद्री ब्रदर लोंझोंनी प्रवचनात सांगितलं होतं, की देवानं ज्यावर मोहर उमटवली ते माणसानं उघडू नये. व्हर्लनच्या डोक्यात ही दोन वाक्यं एकमेकांत अशी मिसळली, की दुकानदार कोणता आणि देव कोणता हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. बाकी मशीन तो मेण लावून चकाचक ठेवायचा. पण सीटखालच्या त्या दोन पेट्यांवरून त्यानं कधी फडकंसुद्धा फिरवलं नाही. त्यांच्याबद्दल बोलतानाही आवाज खाली आणायचा.

आता त्यानं तिथूनच दुकानात फोन लावला.

“ते सपाट अंगणासाठी असतं हो,” दुकानदार म्हणाला. “तुमच्याकडे उतार कितीसा आहे?”

“शवपेटी वर न्यायला सहाच्या जागी आठ माणसं लागतात, एवढा.”

“मग तो गिअरबॉक्स तिथंच पुरा. तो दुरुस्त होत नसतो, नवा घालायचा. आज मागवला तर पुढच्या महिन्यात येईल.”

व्हर्लननं फोन खिशात टाकला आणि इंजिन बंद केलं. मग तो दगडासमोर गवतात मांडी घालून बसला.

“झेल्फा,” तो म्हणाला, “तो सफरचंदाचा थरांचा केक. मी म्हटलं होतं ना, दुकानातला जास्त मऊ असतो म्हणून.”

ऑलेटा जागच्या जागी थबकली. त्या केकनंतर तिची आई व्हर्लनशी एक अक्षर बोलली नव्हती. मीठ हवं असलं तरी “ह्या माणसाला सांगा” म्हणून तिसऱ्याकडून मागायची. आणि त्याच हिवाळ्यात ती गेली.

“मऊ होता, हे खरं आहे,” व्हर्लन म्हणाला. “खोटं कशाला बोलू? पण मऊ असणं म्हणजे चांगलं असणं नव्हे. तुझा केक खाल्ला की माणसाला आपण कुणाच्या तरी घरचे आहोत असं वाटायचं. हे म्हणायचं सोडून मी भलतंच म्हटलं.” असं कितीतरी वेळ चाललं. केकवरून तो लग्नावर गेला, लग्नावरून आर्व्हिलशी एका खेचरापायी झालेल्या भांडणावर, आणि शेवटी नाक पुसून उठला. मशीन चालू केलं, दांडे आत ओढले. मशीन बकरीसारखं टणाटण चढ चढून गेलं.

ऑलेटाच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

त्या खोऱ्यात बातमीला रस्ता लागत नाही. शुक्रवारी सकाळी टेकडीवर डझनभर माणसं जमली होती, बायकांनी चर्चचे कपडे घातले होते. मशीन खालून कापत कापत वर आलं, मॅमॉ झेल्फाच्या, म्हणजे सगळ्या खोऱ्याच्या या आजीच्या, दगडापाशी मंदावलं, डावीकडे वळलं आणि उभं राहिलं. कुणीतरी श्वास आत ओढला. एका म्हाताऱ्यानं हॅट उतरवली.

“मी तर माफी मागितलीय,” व्हर्लन हळूच म्हणाला. “म्हणजे आता दुसऱ्या कुणाचं तरी राहिलंय.”

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. झेल्फा कॉम्ब्जशी ज्याचं वाकडं नव्हतं असा माणूस त्या खोऱ्यात जन्मायचा होता.

पहिली पुढे आली शेजारीण विल्मा. जत्रेत आपल्याला बक्षीस मिळालेलं लोणचं मॅमॉच्या कृतीचं होतं, हे तिनं रडत रडत सगळं सांगितलं. वेलदोडा कुठून आणला इथपर्यंत. मशीन निघालं. पुढच्या फेरीला पुन्हा अडलं. मग ब्रदर लोंझो आले. मॅमॉ चर्चमध्ये उठून देवानं आपल्यासाठी काय केलं याची साक्ष द्यायला लागली की आपण घड्याळाकडे बघायचो, हे त्यांनी कबूल केलं आणि सवयीनं त्यावर एक छोटं प्रवचनही दिलं. मशीन असं सुसाट निघालं की व्हर्लनची टोपी उडाली.

“प्रवचनाचा गुण!” कुणीतरी म्हणालं.

मग आर्व्हिलची पाळी आली. समितीचा मुख्य म्हणून तो हात खिशात घालून पुढे झाला. “सॉरी, मम्मी,” तो म्हणाला आणि बाजूला झाला.

मशीन चार पावलं गेलं आणि पुन्हा वळून उभं राहिलं.

“मनापासून नव्हतं ते,” विल्मा म्हणाली.

“तू गप गं, लोणचेवाली.”

“ती बघतीये,” व्हर्लन म्हणाला.

आर्व्हिलनं दगडाकडे बघितलं, मग मशीनकडे. त्याच्या कपाळावर घाम आला. “तुझा ब्लू नावाचा कुत्रा, मम्मी. तो पळून गेला नव्हता. मी तो बंदुकीच्या बदल्यात देऊन टाकला. तू सगळा शिशिर दारात उभी राहून त्याला हाका मारत होतीस आणि मी आत बसून बंदूक पुसत होतो.” एवढं बोलून हा धिप्पाड माणूस गवतात बसला आणि त्याला उठवायला लोकांना बराच वेळ लागला. उठून त्यानं आधी व्हर्लनचा हात हातात घेतला. खेचराच्या भांडणानंतर ते दोघं एकमेकांना नावानं हाक मारत नव्हते. आता दोघंही नाक ओढत उभे होते. आणि मशीन? ते चढ चढून गेलं.

ऑलेटालाही भरून आलं. पण मशीनशेजारी उभी असताना तिच्या नाकात एक ओळखीचा वास शिरला होता. कपडे वाळवायच्या यंत्राची जाळी कपड्यांच्या तुसानं भरली की येतो तसा, करपट, कोंडलेला.

शनिवारी सकाळी व्हर्लन केस कापायला गेला, तशी तिनं शेडचं दार लावून घेतलं, टॉर्च घेतला आणि मशीनखाली सरकली.

दोन्ही पेट्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावरचे छोटे पंखे तीन वर्षांच्या गवतात, तेलात आणि धुळीत गाडले गेले होते. हवा खेळावी म्हणून धातूच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामध्ये हे सगळं गादीसारखं घट्ट बसलेलं, आणि डाव्या बाजूला तर वर एका चिमुकल्या पाखराचं जुनं घरटं. बिचाऱ्यांचा जीव उकाड्यानं जात होता. चढ अर्धा चढेपर्यंत, म्हणजे बरोबर मॅमॉच्या दगडापाशी, आतलं तेल तापून पाण्यासारखं पातळ व्हायचं आणि आधी डावा दम सोडायचा. अर्धा तास कुणी रडत बसलं, की थंड होऊन पुन्हा उभा राहायचा. आर्व्हिलचं पहिलं ‘सॉरी’ आखूडच पडलं होतं, बाकी काही नाही.

ऑलेटा मशीनखाली पडल्या पडल्या एकटीच हसली. मग हसू थांबलं. तिनं डाव्या पेटीवर हात ठेवला. ना कुणी कधी पुसलं, ना चौकशी केली. जन्मभरासाठी म्हणून मिटवून टाकलेलं, आणि तरी दर वेळी उठून तोच चढ ओढत राहिलेलं. तिला त्या मुक्या लोखंडापुढे हात जोडावेसे वाटले.

बरण्या धुवायचा ब्रश आणि पाचोळा उडवायचा पंखा घेऊन तिनं सगळं स्वच्छ केलं. सील जसंच्या तसं ठेवलं. कुणाला सांगायचं नाही, असंही ठरवलं. कुत्र्यापायी दोन माणसं गळ्यात पडली होती, ती गवतापायी पुन्हा कशाला सोडवायची?

दुपारी शेवटचा पट्टा उरला होता आणि सगळं खोरं टेकडीवर लोटलं होतं. दूरचे पाहुणेही येऊन पोचले होते. मशीन खालून निघालं. मशीन वर आलं, मॅमॉच्या दगडापाशी पोचलं आणि तसंच पुढे निघून गेलं. सरळ. ढिम्म वळलं नाही.

“गेलं की,” विल्मा म्हणाली. तिच्या आवाजात कुणी मेल्यासारखं दुःख होतं.

“बस्स?” आर्व्हिलचा चेहरा उतरला. त्यानं पाहुण्यांकडे बघितलं, मग खाली. “म्हणजे साधं मशीनच आहे. तेही म्हातारं. मग मी सांगून ठेवलेल्या ठेकेदाराचं काय वाईट? त्याचं निदान नवं तरी आहे.”

नवऱ्याचं काम वाचावं म्हणून ऑलेटानं मशीन धड केलं, आणि धड झाल्यामुळेच ते काम चाललं होतं!

वर टोकाला व्हर्लननं मशीन वळवलं. तो परत खाली आला, दगडासमोर आला, आणि मशीन थांबलं.

सगळ्या टेकडीवरच्या हॅट एकदम उतरल्या. पण ऑलेटा अगदी जवळ उभी होती, आणि तिला दिसलं: दोन्ही दांडे बाहेर उघडलेले होते. दांडे बाहेर केले की हे मशीन थांबतंच. पहिल्या दिवशी व्हर्लननंच तिला शिकवलं होतं.

“आता कोण राहिलं?” ब्रदर लोंझो कुजबुजले.

माना फिरल्या. एकेक करून सगळ्यांचे डोळे ऑलेटावर येऊन थांबले.

“मी?” ती म्हणाली. “मी काय केलं?”

“जा, ऑलेटा,” आर्व्हिल म्हणाला. लहानपणानंतर त्यानं तिला इतक्या मऊ आवाजात कधी काही सांगितलं नव्हतं.

ती दगडापाशी गेली. व्हर्लन सीटवरून किंचित वाकला आणि ओठ न हलवता म्हणाला, “पेट्या मस्त साफ केल्यास, ब्रश बघितला मी. पण आता सावकाश घे. तापलेलं मशीन इतक्या लवकर गार होत नसतं.”

ऑलेटानं गुडघे टेकले. माफी मागण्यासारखं काहीतरी आठवून बघितलं. त्या शेवटच्या हिवाळ्यात आईला भरवलं, अंघोळ घातली, रात्री दर वेळी कूस बदलून दिली. कितीही शोधलं तरी काही सापडेना. त्याऐवजी भलतंच वर आलं.

“माफी तू माग,” ती म्हणाली. “एकदा तरी म्हणायचंस, ऑलेटा, दमलीस का. सगळ्यांना तुझा केक हवा, तुझं लोणचं हवं. मी तुझे पाय चोळत होते, तेव्हा तू म्हणायचीस, पायमोजा वाकडा घातलास. एकदा, मम्मी. एकदा म्हटलं असतंस तर तुझ्या बापाचं काय गेलं असतं?”

“अगं, हळू,” व्हर्लन घाबरून म्हणाला. “लोक ऐकतायत.”

“ऐकू देत!”

आणि ती बोलत राहिली. अगदी सावकाश. सगळं संपेपर्यंत. मग नाक पुसून उठली आणि दगडाकडे, मशीनकडे, नवऱ्याकडे कुणाकडेच न बघता उभी राहिली.

व्हर्लननं दांडे आत घेतले. मशीन एवढंसं मागे सरलं, दगडासमोरून बाजूला झालं आणि खाली मान घातल्यासारखं हळूच ऑलेटाच्या शेजारून निघून गेलं.

टेकडीवरच्या हॅट अजून हातातच होत्या.

“मम्मीनं ऐकून घेतलं,” आर्व्हिल शेवटी म्हणाला. “जन्मात कधी कुणाचं ऐकलं नव्हतं तिनं.” त्यानं खिशातून फोन काढला. “हॅलो? हो, दफनभूमीबद्दल. नका येऊ. नाही, तुमचं मशीन चांगलंच असेल. पण ते थांबत नाही ना.”

ऑलेटाला सगळं माहीत होतं. पंखे माहीत होते, पट्ट्या माहीत होत्या, दांडे तर तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तरी तिच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि तो बराच वेळ गेला नाही.