म्हस्के सरांची हजेरी

म्हस्के सर लग्नात भेटोत नाहीतर मयतीला, आधी तुमच्या तोंडापुढं टेपरेकॉर्डर धरतात आणि नाव पुकारतात. तुम्ही मुकाट्यानं "हजर, सर" म्हणायचं. त्याआधी ते नमस्कारसुद्धा घेत नाहीत.

झालं असं, की आमच्या बारामतीच्या जुन्या शाळेनं फोटो, ढाली, हजेरीपट जपायला एक खोली काढली आणि निवृत्त म्हस्के सरांना तिथं बसवलं. बसवलं आपलं म्हणायचं. बसणं त्यांच्या पत्रिकेतच नाही. "कागद वाळवी खाती. आपुन आवाज ठिवू!" म्हणत ते आमच्या दहावीच्या वर्गाची अख्खी हजेरी कॅसेटवर घ्यायच्या मागं लागले. स्कूटर माझ्याकडं, त्यामुळं साडेसाती माझ्या राशीला. मी चहाचा कप तोंडाला लावला, की दारात हाक यायची, "चल, वेळ न्हाय!"

वेळ खरंच नव्हता. शाळेत कॉम्प्युटर येणार होते आणि मुख्याध्यापकांचा डोळा याच खोलीवर होता. "पट पुरा झाला तर खोली तुमची," असं ते हसत म्हणाले होते. सरांनी ते हसण्यावारी नेलं नाही.

भवानीनगरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर आमच्या वर्गातला पोपट उसाच्या ट्रॅक्टरवर सापडला. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या, तर सर रस्त्यात उभे राहून ओरडले, "गप बसा! वर्ग चालू हाय!" आणि ते ड्रायव्हर गप बसलेही.

माळेगावात रामदासच्या दारात त्याचा धाकटा भाऊ भेटला. "दादा रानात हाय. मीच म्हणू का हजर? आवाज सारखाच हाय आमचा."

सरांचे डोळे लाल झाले. दुसऱ्याची हजेरी देणाऱ्याला आमच्या वेळी तळहातावर दोन छड्या ठरलेल्या. "खोटी हजेरी? माझ्या म्होरं?" मग काय, भर उन्हात बांधाबांधानं रामदासपर्यंत गेलो.

एका नावाचा विषय मात्र मी काढला नव्हता. सुधीर, सरांचा एकुलता एक मुलगा, आमच्याच वर्गात होता. शाळेत बापालाही 'सर' म्हणायचा. परीक्षेआधीच कावीळ होऊन गेला.

मुख्याध्यापक ऐकायला आले, तेव्हा सरांनी कॅसेट लावली. पोपट झाला, भोंग्यासकट. मग मी. सगळ्यात शेवटी टेपवर सरांनी पुकारलं,

"म्हस्के सुधीर."

टेप नुसतीच खरखरत राहिली. मग पोरासारखा बारीक केलेला, पण सरांचाच आवाज आला, "हजर, सर."

मुख्याध्यापक या शाळेत नवीन. त्यांना काय ठाऊक! "वा, पट पुरा! खोली तुमची," म्हणून ते निघून गेले.

सर खुर्चीत बसले होते. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना असं बसलेलं पाहिलं. माझ्याकडं न बघता त्यांनी उजवा तळहात पुढं केला.

"दोन बसत्यात. ठावं हाय नव्हं तुला?"

मी तो हात दोन्ही हातांत धरला. मला रडू आवरेना.