इंजिनामागचा चौदा नंबर

स्टोअरवाल्यांनी शुक्रवारी दुपारी ठरवलं की गाडीचा बोल्ट आपण घरीच काढायचा. ठरवायला अर्धा कप चहा पुरला. काढायला किती लागलं ते पुढे कळेलच.

सगळी गल्ली त्यांना स्टोअरवाले म्हणायची, कारण चौतीस वर्षं ते कारखान्याच्या स्टोअरच्या खिडकीत बसले होते. कामगार यायचा, नंबर मारलेला पितळी बिल्ला खिडकीत ठेवायचा आणि पाना घेऊन जायचा. पाना परत आला की बिल्ला परत. कुठला पाना कुठल्या खिळ्याला टांगलाय हे ते डोळे मिटून सांगत. (पाना फिरवतात कसा, हे मात्र त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. पण हे बाहेर कोणाला माहीत नव्हतं आणि घरात कोणी विचारलं नव्हतं.) निवृत्त होताना त्यांनी जुने बारा बिल्ले मागून आणले आणि घरातही तोच कायदा लावला. कात्री हवी? बिल्ला ठेवा. टेस्टर हवा? बिल्ला ठेवा. एक नंबरचा बिल्ला त्यांचा स्वतःचा, बायकोचा सात नंबरचा.

गाडी बावीस वर्षांची. किल्ली फिरवली की नुसतं 'टक' करायची आणि गप्प बसायची. मेकॅनिकने बोनेट उघडलं, आत डोकावला आणि निकाल दिला.

"काका, स्टार्टर गेला. दोन बोल्टांवर बसलाय. खालचा निघेल. वरचा पार इंजिनामागे, पत्र्याला तोंड करून आहे. तिथे माझा हात जात नाही. इंजिन उतरवावं लागेल."

"बोल्ट कितीचा?"

"चौदा नंबर."

"एका चौदा नंबरसाठी इंजिन उतरवतोस होय रे? मी काढून ठेवतो. तू रविवारी नवा स्टार्टर घेऊन ये."

लेक दारातच उभी होती. ती म्हणाली, "बाबा, रविवारी दहाला मी भंगारवाल्याला बोलावलंय. दोन महिने गाडी दारात कुजतेय. दहाच्या आत बोल्ट निघाला तर राहू दे, नाहीतर जाईल. मग रुसायचं नाही."

"रुसतो कोण?" (रुसत तेच. जुना मिक्सर विकला तेव्हा चार दिवस घरात कोणाशी बोलले नव्हते.)

आणि ही तर गाडी. आयुष्यात स्वतःच्या नावावर घेतलेली ही एकच वस्तू. बाकी सगळं एकतर कारखान्याचं, नाहीतर बायकोचं.

शनिवारी सकाळी त्यांनी बॅटरीची वायर सोडली, गाडीखाली आडवे झाले आणि खालचा बोल्ट पाच मिनिटांत काढला. उपटलेला दात दाखवावा तसा तो बायकोला दाखवला.

"बघितलास? आणि हा म्हणे इंजिन उतरवतो!"

मग वरचा. तो दिसेचना. हात घातला तर मनगटापर्यंत गेला आणि तिथेच अडकला. शेवटी बायकोने साबणाचं पाणी ओतून हात सोडवला.

"अगं, तुझा तो दांड्याचा आरसा दे बघू. आरशात बघून काम करतो."

"बिल्ला ठेवा."

"मी?"

"मग कायदा काय मला एकटीलाच आहे?"

स्टोअरवाल्यांनी मुकाट्याने एक नंबरचा बिल्ला तिच्या हातावर ठेवला. ती एका हाताने आरसा आणि दुसऱ्या हाताने टॉर्च धरून उभी राहिली. आरशात बोल्टाचं डोकं लख्ख दिसलं.

"हे लक्षात ठेव," पाना बसवता बसवता ते म्हणाले. "डावीकडे सैल, उजवीकडे घट्ट. पोराटोरांनाही कळतं." आणि आरशात बघत डावीकडे ओढला.

बोल्ट ढिम्म.

गंज सोडवणारं तेल मारलं. चहा घेतला. परत डावीकडे ओढला. पाना सटकला आणि बोटांची सालं निघाली. मग त्यांनी पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला आणि जीव खाऊन ओढला.

"हलला! कणभर हलला बघ!"

"मग निघाला का?"

"कणभर म्हटलं ना! उरलेला हळूहळू."

संध्याकाळपर्यंत तो असा तीनदा कणभर हलला आणि दर वेळी आधीपेक्षा जास्त अडला. बायकोच्या खांद्याला कळ लागली. स्टोअरवाल्यांनी गंजाला, गाडी बनवणाऱ्याला आणि खुद्द लोखंडाला शिव्या घातल्या.

रविवारी भंगारवाला दहाऐवजी नवालाच आला. टेम्पो दारात लावला आणि पायरीवर बसून बघत राहिला.

"आजोबा, कशाला कमरेचा काटा ढिला करताय? माझ्याकडे गॅस कटर आहे."

"हात लावशील तर बघ! दहाला अजून तास आहे."

लेकीने घड्याळ बघितलं आणि आत गेली. स्टोअरवाल्यांनी पाइप घट्ट धरला. कपाळावरचा घाम नाकावरून इंजिनात पडत होता. आरसा धरून उभी असलेली बायको अचानक म्हणाली, "अहो, तुमचं हातातलं घड्याळ बिघडलंय."

"आत्ता घड्याळाचं काय काढलंस?"

"सेकंदाचा काटा उलटा चाललाय. हे बघा ना."

"अगं, तुला काही कळतं का? आरशात बघतेयस तू! आरशात सगळं उलटंच दिसणार!"

"हो का," बायको म्हणाली. "आणि बोल्ट कशात बघताय?"

भंगारवाल्याची विडी ओठावरच राहिली. स्टोअरवाल्यांनी आरशात बघितलं. मग पान्याकडे बघितलं. परवा मेकॅनिकला जे बोललो ते सगळं त्यांना शब्दन्‌शब्द आठवलं. काल सकाळपासून ते तो बोल्ट जीव तोडून आवळत होते.

"मी... आधी जरा घट्ट करून बघत होतो," ते म्हणाले. "तशी पद्धत असते."

"असेल. आता सैल करायची पद्धत करा."

त्यांनी पाइप उलट्या बाजूला ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आतून 'कट्ट' आवाज आला आणि बोल्ट सैल झाला. पण पुढे पाना फिरवायला जागा नव्हती आणि त्यांचा हात जात नव्हता.

"सरका," बायको म्हणाली. "तुम्ही फक्त आरसा धरा."

तिने बांगड्या कोपराकडे सारल्या, हात आत घातला आणि डब्याचं झाकण फिरवावं तसा बोल्ट बोटांनी फिरवत बाहेर आणला. पावणेदहा झाले होते. स्टोअरवाल्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी दोन्ही हातांनी टाळी वाजवली. (दोन्ही हात लागतात टाळीला. आरसा एका हातात होता.) आत कुठेतरी काहीतरी घरंगळत गेलं.

मेकॅनिकने नवा स्टार्टर बसवला. बोल्टाच्या वेळी त्याने काकूंनाच बोलावलं. किल्ली फिरवली आणि गाडी खोकून, धूर सोडून चालू झाली. लेक शब्दाची पक्की. तिने भंगारवाल्याला चहा पाजून रिकामा टेम्पो परत पाठवला.

मेकॅनिक हात पुसत होता. "काका, तो बोल्ट कोणी आवळला होता हो? बैलांनी ओढल्यासारखा?"

"कारखान्यातूनच तसा आला असेल," स्टोअरवाले म्हणाले. बायकोने आभाळाकडे बघितलं.

"काकू, उद्या गॅरेजवर येता का? अशीच एक गाडी अडकून पडलीय. आमच्यापैकी कोणाचाच हात जात नाही."

"येते की," बायको म्हणाली आणि भिंतीवरचा चौदा नंबरचा पाना उतरवला.

"बिल्ला ठेव," स्टोअरवाले म्हणाले. चौतीस वर्षांची सवय.

तिने पदराची गाठ सोडून एक नंबरचा बिल्ला दाखवला, दिला नाही. "आधी माझा आरसा. तुम्ही काढून ठेवा. मी गॅरेजवरून येईपर्यंत."

सोमवारी सकाळी ती मेकॅनिकच्या मागे स्कूटरवर बसून कामावर गेली. स्टोअरवाल्यांनी बोनेट उघडलं, इंजिनावर ओणवे झाले आणि बराच वेळ तसेच राहिले. आरसा नेमका कुठे अडकलाय ते बघायला त्यांना एक आरसा हवा होता.