दहापैकी भोपळा

एका जंगलात, बाळांनो, वाघ होता, सिंह होता, पण त्यांच्याशी आपल्याला काही कर्तव्य नाही. ते आपल्या गुहेत सुखी असोत. आपली गोष्ट आहे एका साळिंदराची.

साळिंदर म्हणजे तो काटेवाला. त्याचं नाव साळबा. स्वभावानं मऊ, अंगानं टोचरा. आणि नाद एकच, गाण्याचा.

त्या जंगलात गाणं भोपळ्यात भरून ठेवायची रीत होती. हसू नका. तुम्ही कशाकशात भरता ते आम्ही बघतोच आहोत. तर भोपळा वाळवायचा, आतून पोखरायचा, गवय्यानं तोंड लावून आठ गाणी आत गायची आणि लाखेनं बूच पक्कं करायचं. वर गवय्याचं चित्र, खुद्द गवय्याहून देखणं. बूच काढलं की गाणी सुरू. संपली की बूच लावायचं, गाणी मुकाट आत. एकच पथ्य पाळायचं. बूच निघून भोपळा उपडा पडला, की गाणी गेली ती गेली.

साळबाच्या बिळात असे एकशे बारा भोपळे होते.

चुलीमागे भोपळे. उशाला भोपळे. साळबाची बायको साळूबाई बिळाच्या तोंडाशी झोपायची, डोकं आत आणि शेपूट बाहेर. येणारा-जाणारा शेपटीला नमस्कार करून जायचा. त्यातून तिचे दिवस भरत आलेले.

"अहो," ती एकदा म्हणाली, "पुढच्या अमावास्येला मी मोकळी होणार. पिल्लं कुठं ठेवू? कासवाच्या भोपळ्यावर की कोकिळेच्या?"

"होईल गं जागा."

"होईल? जागा म्हणजे काय काकडी आहे, वेलावर वाढायला? भोपळे कमी करा. नाहीतर मी निघाले आईकडे. पिल्लांनी विचारलं तर सांगेन, तुमचा बाप भोपळा होता."

साळबा घाबरला. बायको बोलते ते करते, हे त्याला ठाऊक होतं. तो एकेक भोपळा हातात घेऊन बसला. हा टाकावा? छे, हा मावशीनं दिला. हा? छे, हा मिळवायला तीन डोंगर ओलांडले. संध्याकाळपर्यंत त्यानं एकशे बारा भोपळे उचलले आणि एकशे बारा परत ठेवले.

त्यातला एक मात्र तो कशासाठीही सोडणार नव्हता. डबक्यावरच्या डरावबुवा आणि मंडळींचा भोपळा. ते बेडूक. त्यांना ना सूर ना ताल. एकच ओळ घोळवायचे, 'चिखल माझा, चिखल तुझा, उडी मार गं डबाक्!' साळबाच्या लग्नात हेच लागलं होतं. ते सुरू झालं की साळबाच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहायचे आणि खुळ्‌खुळ्‌ खुळ्‌खुळ्‌ वाजायला लागायचे. त्याला थांबवताच यायचे नाहीत. पण चारचौघांत तो हा भोपळा लावत नसे. लाज वाटायची. त्याला बूचही त्यानं दुहेरी लाखेनं लावलेलं, चुकून कुणी उघडू नये म्हणून.

तर साळबा गेला वाघूळशास्त्र्यांकडे.

वाघूळशास्त्री म्हणजे वटवाघूळ. उंबराला उलटे टांगलेले असत. त्यांनी स्वतः आयुष्यात एक सूर लावला नव्हता, म्हणून जंगलात गाण्यातलं सगळ्यात जास्त त्यांनाच कळायचं.

"शास्त्रीबुवा, भोपळे फार झालेत. कुठला ठेवू, कुठला काढू?"

"तू ऐकतोस कसा?"

"बसून."

"तिथंच चुकतं. बसून ऐकलं की गाणं बुडाखाली जातं. उलटं टांगून घेतलं की डोक्यात उतरतं. आणि नुसतं ऐकायचं नाही. गुण द्यायचे. दहापैकी. सातच्या खाली गेला, तो बाहेर."

"गुण कशाला द्यायचे?"

"सुराला, तालाला. पण मुख्य म्हणजे खोलीला. खोली पाहायची, साळबा! खोली नसेल तर काही अर्थ नाही."

साळबा घरी येऊन बायकोला म्हणाला, "शास्त्रीबुवा म्हणतात, खोली पाहिजे."

"मग मी इतके दिवस काय बोंबलतेय?" साळूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून साळबा कामाला लागला. बिळाच्या छताला उलटं टांगून घ्यायचा, बूच काढायचा, आणि काट्याच्या टोकानं भोपळ्याच्या पोटावर आकडा कोरायचा. आधी कासवाचा भोपळा. कासवानं न्याहारीला 'सा' लावला तो जेवणं झाली तरी संपेना. साळबाला तीनदा डुलकी लागली, एकदा तो वरून धपकन पडला. काटे अंगाला चिकटून गप्प. पण कासवाचं नाव शास्त्रीबुवा डोळे मिटून घेत. साळबानं दहा दिले.

मग कोकिळा. गोड. फार गोड. 'गोड म्हणजे सोपं,' साळबा मनाशी म्हणाला आणि साडेसहा कोरायला लागला. तेवढ्यात बाहेरून कावळीण डोकावली.

"आमच्या घरी वाढलीय हो ती पोर. किती दिलेत?"

"सात," साळबा म्हणाला.

आणि मग रीघच लागली. मोराची सासू आली. रेड्याचा मेहुणा आला. "आमच्या मामांना किती? आणि त्या हरणीला जास्त का? तिला घसा तरी आहे का?" कोल्ह्याची आत्या तर दारातच बसली आणि भाच्याला आठाचे साडेआठ करून घेऊनच उठली. साळबाला वाईट वाटायला लागलं की तो अर्धा गुण वाढवायचा. गाणी ऐकायला आता वेळ कुठला? पहिल्या ओळीला आकडा कोरायचा की पुढचा भोपळा.

पंधरवडा झाला. एकशे अकरा भोपळ्यांना गुण पडले. आणि एकशे अकराच्या एकशे अकरा पास झाले.

साळूबाईनं एकदा आत पाहिलं आणि पुन्हा शेपूट बाहेर काढून झोपली. साळबाला त्या शेपटीचीच जास्त भीती वाटली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी शास्त्रीबुवा पाहणीला आले. छताला टांगून घेतलं. सगळे आकडे वाचले.

"अरे, एकही नापास नाही? मग तुझ्या दहाला विचारतो कोण? कुणीतरी पडलं तर बाकीचे उभे दिसतात. आणि हा कोपऱ्यातला कोणाचा? त्याच्यावर आकडा का नाही?"

साळबा भोपळ्याच्या आड येऊन उभा राहिला. "तो असाच आहे, बुवा."

"लाव."

दुहेरी लाख फोडली. 'चिखल माझा, चिखल तुझा...' आणि बाळांनो, काटे उभे! खुळ्‌खुळ्‌ खुळ्‌खुळ्‌! बिळाच्या तोंडाशी साळूबाईचेही वाजायला लागले. नवरा-बायको दोन टोकांना, आणि मध्ये बेडूक नुसते पेटलेले.

"हे काय?" शास्त्रीबुवा ओरडले. "तुझे काटे का वाजताहेत?"

"खाज... खाज सुटलीय."

"ऐकवत नाही रे! तुला आवडतं की काय हे?"

आता खरं सांगायची वेळ होती. 'हो' म्हणायला जीभ एकदाच हलवावी लागते. पण बाहेर मोराची सासू उभी, रेड्याचा मेहुणा उभा, सगळे कान टवकारून.

"छे छे!" साळबा म्हणाला. "मला? हे?"

"मग किती देतोस?"

साळबानं बूच लावलं, लाख ओतली, वर आणखी एकदा ओतली, आणि मान खाली घालून भोपळ्याच्या पोटावर एक वाटोळं कोरलं.

"शाब्बास!" शास्त्रीबुवा साळबाच्या कानाशी म्हणाले. "याला आम्हा शिकलेल्यांत भोपळा म्हणतात. ज्याला भोपळा मिळाला, तो बाहेर. चल आता उंबरावर. तुला गुणग्राहकाची पदवी द्यायची आहे."

साळबानं मनात बेत केला. भोपळा नुसता दाराबाहेर निघू दे. परत आलो की हळूच करवंदीच्या जाळीत लपवीन. कुणाला कळणार आहे? निघता निघता त्यानं बायकोला सांगितलं, शास्त्रीबुवांना ऐकू जाईल असं जरा मोठ्यानं, शिकलेल्या भाषेत:

"अगं, भोपळा तेवढा बाहेर काढून ठेव. बाकी सगळं होतं तिथं राहू दे."

साळूबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"खरंच म्हणता?"

"खरंच."

"माझ्या जिवासाठी?"

साळबाला काही उमगलं नाही, पण मागे मंडळी उभी होती. "हो," म्हणाला, आणि गेला पदवी घ्यायला.

साळूबाईनं पदर खोचला. कुठून बळ आलं कुणास ठाऊक. एकेक भोपळा उचलायची आणि दारातून उताराला सोडायची. गडगड, गडगड, एकशे बारा भोपळे! दगडावर आपटले, बुचं उडाली, भोपळे उपडे झाले आणि गाणी सुटली. कासवाचा 'सा' एका हरणाच्या पायात आला आणि ते दुपारभर जागचं हललं नाही. कोकिळेचं गोड गाणं म्हशीच्या कानात शिरलं, ती आठ दिवस लाजत होती. संध्याकाळपर्यंत सगळी वाऱ्यावर विरून गेली.

साळबा पदवी घेऊन आला. बीळ लख्ख सारवलेलं. मध्ये गवताचं अंथरूण, त्यावर साळूबाई पाय पसरून बसलेली.

"अगं, भोपळे कुठायत?"

"बाहेर. तुम्हीच म्हणालात ना?"

"मी भोपळा म्हणालो! भोपळा म्हणजे शून्य!"

"शून्याला भोपळा म्हणतात?" साळूबाई म्हणाली. "मग भोपळ्याला काय म्हणतात तुम्ही लोक?"

तेवढ्यात तिला कळा सुरू झाल्या. रात्रीत तीन पिल्लं झाली, आणि त्यांना अंग पसरायला ऐसपैस जागा होती.

चार दिवसांनी साळबा उतारावर शोधायला गेला. मनात एकच भोपळा. पण वाटेवर एकही नव्हता. सगळे लोकांनी उचलून नेलेले. ज्याच्या त्याच्या घरी उंच जागी भोपळा, आकडा दर्शनी बाजूला. "आमचा नऊचा." "आमचा साडेनऊचा." आत काही नाही, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

शेवटी तो रानडुकरांच्या मुसळाबाईकडे पोचला. तिच्याकडे कासवाचा होता, दहाचा. फुलं वाहिलेली. अर्धं जंगल जमलेलं, आढ्याला शास्त्रीबुवा टांगलेले, सगळे डोळे मिटून त्या रिकाम्या भोपळ्यापुढे माना हलवत होते.

आणि दाराला अडसर म्हणून लावलेला, धुळीत पडलेला तो वाटोळ्याचा भोपळा. दुहेरी लाख शाबूत.

"हा उघडला नाहीत वाटतं?" साळबानं हळूच विचारलं.

"त्याला भोपळा मिळालाय ना!" मुसळाबाई म्हणाली. "त्याला कोण उघडून बघतंय? दार वाऱ्यानं आपटत नाही एवढा उपयोग. बरं झालं आलात. हे सगळं तुमच्यामुळं. माझ्या घरातला कुठलाही एक भोपळा न्या, गुरुदक्षिणा म्हणून. कुठलाही!"

साळबा दाराकडे वळला. वाकला. भोपळ्यावर हात ठेवला तर आतून बारीक, अगदी बारीक, 'डबाक्' असं ऐकू आलं. काटे थरथरायला लागले.

"साळबा," आढ्यावरून शास्त्रीबुवा म्हणाले, "खाज सुटली का रे?"

सगळ्यांनी डोळे उघडले. जंगल बघत होतं.

साळबानं काटे दाबून बसवले. सरळ उभा राहिला.

"दार नीट लागतं का ते बघत होतो," तो म्हणाला. "मला दहाचा द्या."

टाळ्या पडल्या. साळबा रिकामा भोपळा डोक्यावर घेऊन मिरवत घरी आला. साळूबाईनं तो हातात घेतला, हलवून पाहिला, आत डोळा लावला.

"यात काही नाही."

"दहाचा आहे."

"ते असू दे. रिकामा आहे ना? बरं झालं," ती म्हणाली आणि त्यात मीठ भरून ठेवलं.

तात्पर्य : बाळांनो, आता तुमच्यातलं एखादं शहाणं म्हणेल, आपल्याला आवडतं ते आपल्या कानांनी ऐकावं. काही नको. आपल्या कानांनी ऐकणाऱ्याला पदवी मिळाल्याचं कुणी पाहिलं नाही. गाणी जपत बसू नका, ती वाऱ्यावर जातात. आकडा जपा, तो मिठातही टिकतो. आणि बायकोला निरोप देताना शून्याला शून्यच म्हणा.