सतरा व्हेरिएबल आणि आईचा नंबर

जुन्या सर्व्हरवर सतरा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होती. बारा ॲप्लिकेशन सुरू करणाऱ्या फाइलीत, चार खात्याच्या सेटिंगमध्ये आणि एक टॉमकॅटच्या, म्हणजे ॲप्लिकेशन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कुठल्याशा कोपऱ्यातल्या फाइलीत. ते तिथे का ठेवलं हे विचारावं, तर ठेवणारा माणूस कधीच नोकरी सोडून गेला होता. मोजपट्टीने सगळी दोनदा मोजली. दोन्ही वेळा सतराच भरली, तेव्हा तिला बरं वाटलं.

मोजपट्टी हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती या छोट्या कंपनीत लागली आणि पहिल्याच आठवड्यात तिने चहाचा कप किती मिनिटांत गार होतो याचा आलेख काढला. तेव्हापासून ऑफिसात तिला हेच नाव पडलं होतं.

सर्व्हर म्हणजे साहेबांच्या टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा. थंडीत साहेब त्यावर पाय ठेवत. त्याच्यावर दातांच्या एका मोठ्या दवाखान्याचं जावामधलं ॲप्लिकेशन चाले: रुग्णांनी वेळ घ्यायची आणि आदल्या दिवशी दुपारी चार वाजता त्यांना आठवणीचा मेसेज जायचा. आता डबा धापा टाकायला लागला होता. ॲप्लिकेशन भाड्याच्या नव्या सर्व्हरवर हलवायचं होतं आणि ते काम मोजपट्टीकडे आलं होतं.

"हे बघ," साहेब म्हणाले, "दवाखाना आपलं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक आहे. डॉक्टरीणबाई आधीच वैतागल्यात. मेसेज जातात आणि तरी माणसं येत नाहीत. मागच्या आठवड्यात एका दिवशी नऊ जण आले नाहीत. हे हलवणं बिनबोभाट झालं, की तुला कायम करायच्या कागदावर मी लगेच सही करतो."

"आणि बोभाटा झाला तर?"

"तर तुझ्याबरोबर मीही नोकरी शोधीन."

हलवणं तसं अवघड नव्हतं. प्रोग्राम इकडून उचलून तिकडे ठेवला, की तो तसाच चालतो. फक्त नव्या घरी राहायला आलेल्या माणसासारखा उठल्याउठल्या विचारतो: मीठ कुठे, साखर कुठे, किल्ली कुणाकडे? डेटाबेस कुठे आहे, त्याचा पासवर्ड काय, मेसेज कुणामार्फत पाठवायचे, ही उत्तरं प्रोग्रामच्या बाहेर, सर्व्हरवर लिहून ठेवायची असतात. तीच ती व्हेरिएबल.

जुन्या सर्व्हरवरची तीन ठिकाणी पसरलेली होती. मोजपट्टीच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर मात्र ती एकाच फाइलीत, नीट एकाखाली एक होती. तिने आपलीच फाइल नव्या सर्व्हरवर नेली, त्यातली उत्तरं बदलून खरी घातली आणि व्हेरिएबल मोजली. सतरा. इकडे सतरा, तिकडे सतरा. मोजणी जुळली म्हणून तिने पुढचं काम हातात घेतलं.

दोन पिशव्यांत सतरा-सतरा वस्तू असल्या म्हणून वस्तू त्याच असतात असं नाही, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. त्या पेपरात तिला चांगले गुणही होते.

तिच्या फाइलीत एक व्हेरिएबल होतं, जे जुन्या सर्व्हरवर नव्हतं. ते चाचणीसाठी होतं. त्यात एखादा फोन नंबर घातला, की सगळे मेसेज कुणाच्याही नावचे असोत, त्या एकाच नंबरवर जात; मूळ माणसाचा नंबर नुसता तळाशी लिहिलेला येई. चाचणी करताना खऱ्या रुग्णांना त्रास होऊ नये म्हणून ही सोय. आणि त्यात नंबर होता मोजपट्टीच्या आईचा.

यालाही कारण होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आता निवृत्त होती आणि तिच्याइतक्या तत्परतेने मेसेज पोचल्याचं कळवणारं दुसरं कुणी मोजपट्टीला माहीत नव्हतं. "आई, तू माझं टेस्टिंग," असं तिने सांगून ठेवलं होतं. 'रुग्ण एक' किंवा 'रुग्ण दोन' नावाचा मेसेज आला, की आई त्याखालचं 'येणार' दाबायची आणि लेकीला फोन करायची. नोकरीमुळे लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेऊन राहायची, त्यामुळे आईला हे टेस्टिंग मनापासून आवडायचं.

नव्या सर्व्हरवर सगळं नीट लागलं. पान उघडलं, वेळ घेता आली. शेवटची तपासणी म्हणून मोजपट्टीने स्वतःच्या नावाने एक वेळ घेऊन स्वतःच्या नंबरावर तिचा मेसेज पाठवला. मिनिटभरात आईचा फोन आला.

"आला गं मेसेज."

"छान," मोजपट्टी म्हणाली, आणि तपासणीच्या यादीतल्या 'मेसेज जातात' यापुढे बरोबरची खूण करून तिने ती वेळ पुसून टाकली.

दुपारी चार वाजता दवाखान्याचे दुसऱ्या दिवशीचे अडतीस मेसेज निघाले आणि अडतीसच्या अडतीस आईच्या फोनवर उतरले.

आई तेव्हा बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. फोन स्टुलावर होता. तो थरथरत थरथरत कडेपर्यंत गेला आणि बाबांनी तो पडता पडता धरला.

"अगं, याला काय झालंय बघ. थांबतच नाहीये."

आईने हात पुसून मेसेज वाचले. "आज 'रुग्ण एक' नाहीये," ती म्हणाली. "खरी नावं दिसतायत. हे बघा, आडनावासकट. खाली नंबरही आहेत."

"मग दाब 'येणार' आणि मोकळी हो."

"असं कसं दाबू? उद्या दात काढायला मी जाणार आहे का? ज्याचा मेसेज त्याला विचारायला नको?"

तिने लेकीला फोन लावला. लेक साहेबांच्या खोलीत, नवा सर्व्हर जुन्यापेक्षा किती वेगवान आहे याचा आलेख दाखवत होती. तिने फोन कापला. आईने पुन्हा लावला. तिने पुन्हा कापला आणि टेबलाखालून उत्तर पाठवलं: "मीटिंगमध्ये आहे. नेहमीसारखं कर."

"काय म्हणाली?" बाबांनी विचारलं.

"नेहमीसारखं कर म्हणाली."

"मग झालं तर." बाबा उजव्या गालावर हात ठेवून पेपराकडे वळले. तो हात चार महिने तिथेच होता. गार पाणी प्यायलं की बाबांची दाढ ठणकायची, आणि दवाखान्याचं नाव काढलं की ठणकायची थांबायची.

आई बराच वेळ विचार करत राहिली. पाच वाजले आणि अडतीस मेसेज पुन्हा आले.

याचंही कारण होतं. टॉमकॅटच्या कोपऱ्यातल्या फाइलीत जे एकटं व्हेरिएबल होतं, ते प्रोग्रामला सांगायचं, 'आठवण एकदाच कर'. ते नव्या सर्व्हरवर आलंच नव्हतं. आणि सांगणारं कुणी नसलं, की प्रोग्राम उत्तर मिळेपर्यंत दर तासाला आठवण करायचा.

"ही घाईची केस दिसतेय," आई म्हणाली. एक्स्चेंजमध्ये ताटकळलेला कॉल तिने आयुष्यात कधी सोडला नव्हता. "पेपर ठेवा. तुमचा फोन द्या. मी नंबर वाचते, तुम्ही लावा."

"आणि कोण बोलतंय म्हणून सांगायचं?"

"ते मी बघते. तुम्ही लावा."

पहिला फोन एका बाईंना लागला.

"नमस्कार. दातांच्या दवाखान्याच्या टेस्टिंगमधून बोलतेय. उद्या सकाळी तुमची वेळ आहे. येताय ना?"

"अय्या, उद्या होय? मी विसरलेच होते."

"म्हणून तर फोन केला. नाश्ता करून निघा, उपाशीपोटी चक्कर येते. मी 'येणार' दाबू का?"

"दाबा, दाबा."

आईने दाबलं. पुढच्या तासाला सदतीसच मेसेज येणार, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला हुरूप चढला.

दुसरा एक पहिलवानी आवाजाचा गृहस्थ होता. "आता दुखत नाहीये हो. जरा पुढे ढकलू म्हणतो."

"दुखत नाही तेव्हाच जावं. दुखायला लागल्यावर तिथे तोंड तरी उघडवेल का? तुमच्यासाठी बाईंनी वेळ राखून ठेवलाय, तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा दात झाला असता."

"नाही, तसं नाही, पण इंजेक्शनची जरा..."

"आवाजावरून वाटत नाही तुम्ही इंजेक्शनला घाबरत असाल."

"दाबा 'येणार'," तो म्हणाला.

एकाने फोन उचलला नाही, त्याला तीनदा लावला. एका आजोबांना कमी ऐकू यायचं; त्यांच्या सुनेला बोलावून निरोप दिला आणि सुनेच्या हिरड्यांची चौकशीही झाली. एक बस ड्रायव्हर मात्र खरोखरच येऊ शकत नव्हता.

"उद्या दुसऱ्याच्या पाळीवर जायचंय, मावशी. खोटं बोलत नाही."

"बोलूही नका. मी 'येणार नाही' दाबते. पण पुढची वेळ आजच घ्या."

तिने 'येणार नाही' दाबलं, तसा फोनवर प्रश्न उमटला: 'ही वेळ मोकळी झाली आहे. ओळखीच्या दुसऱ्या कुणाला हवी आहे का?' ही सोय मोजपट्टीने मोठ्या हौसेने बनवली होती. आजवर ती कुणीही वापरली नव्हती.

आईने मान वळवून बाबांकडे पाहिलं. बाबांनी गालावरचा हात झटकन खाली घेतला, पण उशीर झाला होता.

त्या संध्याकाळी मोजपट्टीने आईला फोन करायला हवा होता. आलेखाच्या आनंदात ती विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांबरोबर दवाखान्यात गेली, नवा सर्व्हर कसा चालतोय ते बघायला. दार उघडलं तर बसायला जागा नव्हती. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, दोघं खिडकीच्या कट्ट्यावर, आणि भिंतीला टेकून एक आडदांड गृहस्थ डोळे मिटून उभा.

"गर्दी का आहे?" साहेब हळूच म्हणाले. "काही बिघडलं का?"

मोजपट्टीने माणसं मोजायला सुरुवात केली. अकराव्या खुर्चीवर ती थांबली. त्या खुर्चीवर गालावर हात ठेवून बाबा बसले होते.

"बाबा, तुम्ही इथे?"

"तुझ्या टेस्टिंगची कृपा," बाबा म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना कष्ट पडत होते.

तेवढ्यात आतून डॉक्टरीणबाई आल्या. साहेबांनी दोन्ही हात पुढे करून माफी मागायचा पवित्रा घेतला, पण त्यांना संधीच मिळाली नाही.

"काय सर्व्हर आहे हो तुमचा," बाई म्हणाल्या. "सकाळपासून एक माणूस चुकला नाही. सगळे वेळेवर, सगळे नाश्ता करून. आणि जो तो विचारतोय, टेस्टिंगमधल्या त्या बाई कुठे बसतात? एकीने त्यांच्यासाठी फुलं आणलीत. त्या बाई नव्या सर्व्हरबरोबरच येतात, की त्यांचं वेगळं बिल लावणार?"

साहेबांना यातलं काहीच माहीत नव्हतं. "आमच्याकडे सगळं त्यातच येतं," ते सवयीने म्हणाले आणि मोजपट्टीकडे बघायला लागले.

मोजपट्टीने खुर्चीशेजारीच लॅपटॉप उघडला. जुनी सतरा एका बाजूला लावली, नवी सतरा दुसऱ्या बाजूला, आणि यावेळी मोजली नाही, एकेक करून ताडून पाहिली. सोळा तीच होती. नव्यात एक कमी होतं आणि एक जास्त होतं. 'आला गं मेसेज' हे शब्द तिला आठवले आणि तिचे कान तापले.

हे झाकता आलं असतं. साहेबांना व्हेरिएबलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण चुकीचं माप बरोबर म्हणून सांगणं तिला जमेना.

"त्या बाई म्हणजे माझी आई आहे," ती म्हणाली. "माझी चूक झाली. चाचणीचं सेटिंग मी खऱ्या सर्व्हरवर ठेवलं, त्यामुळे सगळे मेसेज तिला गेले. एकाही रुग्णाला मेसेज गेलेला नाही. शिवाय तुमच्या रुग्णांचे नंबर न विचारता तिच्याकडे पोचले. मी आत्ता काढून टाकते."

आतल्या खोलीत पाण्याची पिचकारी बंद झाली.

"काढू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण बाई, हे नियमात..."

"नियमात बसवू. रुग्णांना विचारू, आईंना रीतसर कामावर घेऊ. मेसेज रुग्णांनाही जाऊ दे आणि आईंनाही. त्यांना विचारा, दुपारचे दोन तास जमतील का?"

मोजपट्टीने तिथल्या तिथे आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई, ते मेसेज चुकून आले होते."

"मला वाटलंच. पण तू म्हणालीस नेहमीसारखं कर."

"दवाखान्यात तुला नोकरी देतायत. करशील?"

"करीन. माझी एक अट आहे. मी फोन केला की तू उचलायचा. मीटिंग असली तरी."

"उचलीन."

"आणि बाबा पळून गेले नाहीत ना? बघ जरा."

बाबा पळाले नव्हते. त्यांना आत बोलावलं होतं आणि ते मागे वळून वळून बघत चालले होते.

परतताना जिना उतरून झाल्यावर साहेब म्हणाले, "तुझ्या कायमचं आपण तीन महिन्यांनी बघू. बोभाटा झाला नाही हे खरं, पण होणार होता."

"हो."

"आईंना मात्र बाई आजच कायम करतायत. प्रोबेशन नको म्हणाल्या."

"हो. मी ऐकलं."

"वाईट वाटून घेऊ नकोस."

"नाही," मोजपट्टी म्हणाली. तिने फोन काढून बघितला. आईचा कॉल येत होता. तिने तो उचलला.

ऑफिसात पोचल्यावर तिने आधी 'आठवण एकदाच कर' हे व्हेरिएबल नव्या सर्व्हरवर घातलं. मग आईच्या नंबराच्या व्हेरिएबलचं नाव बदलून त्यातला 'चाचणी' हा शब्द काढला आणि मेसेज रुग्णांनाही जातील अशी दुरुस्ती केली. स्वतःच्या नावाने एक मेसेज पाठवला. या वेळी तिचा फोन वाजला आणि लगेच आईचाही आला.

संध्याकाळी दवाखान्यातून आकडा आला: त्या दिवसाच्या वेळा अडतीस, आलेले रुग्ण अडतीस. मोजपट्टीने सर्व्हरवरची व्हेरिएबल पुन्हा एकदा मोजली. अठरा होती.