वारुळाचं तोंड आणि रकाना नऊ

एका जंगलात एक वाघ होता. वाघ होता म्हणून शासन होतं, शासन होतं म्हणून योजना होत्या, आणि योजना होत्या म्हणून अर्ज होते. मुलांनो, तुम्ही विचाराल की या गोष्टीत पुढे वाघ काय करतो. काही करत नाही. आदेशाखाली त्याच्या पंजाचा ठसा येतो, तेवढंच त्याचं काम.

त्या जंगलात बाबल नावाचं एक खवले मांजर राहत होतं. खवले मांजर हे काही मांजर नसतं. त्याच्या अंगावर खवले असतात, जीभ हातभर लांब असते आणि ते मुंग्या आणि वाळवी खाऊन जगतं. कोणी मोठ्याने बोललं की ते अंगाची गुंडाळी करून चेंडू होतं. बाबल तर कोणी हळू बोललं तरी चेंडू व्हायचा.

असा हा बाबल जंगलाच्या विद्यापीठात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या घरात इतकं कोणी शिकलं नव्हतं. वडील कोल्ह्यांना बिळं खणून द्यायचे. त्यांनी बाबलला सांगून ठेवलं होतं की शिष्यवृत्ती मिळाली तर शिक, नाही तर परत ये. कोल्हीण बाळंत व्हायची आहे आणि तिला दोन खोल्यांचं बीळ हवं आहे.

शिष्यवृत्ती शासनाची होती. संशोधन करणाऱ्या होतकरू प्राण्याला ज्याचं जे खाणं असेल त्याची दरमहा एक टोपली मिळायची.

बाबलला एकच प्रश्न छळत होता. वाळवी आपल्या वारुळाचं तोंड कोणत्या दिशेला ठेवते आणि का? जन्मभर वारुळं फोडली, पण हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. खाताना कोण पाहतं?

अर्ज अठरा पानांचा होता. त्याला जन्माचा दाखला, रहिवासी दाखला आणि शेपूट नीट दिसेल असा फोटो जोडायचा होता. शिवाय, ‘संशोधन चालू असेपर्यंत संशोधनाचा विषय खाणार नाही’ असं हमीपत्र द्यायचं होतं. मार्गदर्शक अस्वलसरांची सही लागत होती. सरांनी न वाचताच सही केली आणि पहिल्या पानावर आपलं नाव बाबलच्या नावाच्या वर आहे ना, एवढं मात्र दोनदा पाहून घेतलं.

शेवटच्या दिवशी बाबल अर्ज घेऊन कार्यालयात गेला. खिडकीत घोरपडबाई बसल्या होत्या. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. या बाई त्या खुर्चीला बावीस वर्षं चिकटून होत्या. त्यांनी पानं उलटली आणि रकाना नऊवर नख ठेवलं. तिथे छापलं होतं, ‘अपेक्षित निष्कर्ष’. खाली बाबलने लिहिलं होतं, ‘अजून माहीत नाही.’

“माहीत नाही, तर संशोधन कशाला करतोस?”

“माहीत नाही म्हणूनच, मॅडम,” बाबल पुटपुटला आणि अर्धा गुंडाळला गेला.

घोरपडबाई मनाने वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज खाली आणला. “हे बघ बाबल, हा रकाना असा ठेवला तर अर्ज त्रुटीत जातो. काहीतरी लिही. चुकीचं चालतं, पण अर्धवट चालत नाही.”

पावणेसहा वाजत आले होते. शिपाई बेडूक कुलूप घेऊन उभा होता. बाबलच्या डोळ्यांपुढे दोन खोल्यांचं बीळ आलं. त्याने घाबरून इकडेतिकडे पाहिलं. बाईंच्या पाठीमागच्या खिडकीत सूर्य मावळत होता. बाबलने लिहिलं, ‘पश्चिमेला.’ लगेच शिक्का बसला.

अर्ज मंजूर झाला. पहिली टोपली चौथ्या महिन्यात आली, आणि तोवर तिच्यातल्या अर्ध्या मुंग्या चालत निघून गेल्या होत्या. तरी बाबल खूश होता. तो वारुळं पाहत रानभर हिंडला. हमीपत्र दिलेलं असल्यामुळे जीभ त्याने दातांमागे ठेवली. खवले मांजराला दात नसतात, म्हणून हे आणखीच अवघड गेलं.

ओढ्याकाठच्या सगळ्यात मोठ्या वारुळात वाळवीची राणी राहत होती. बाबल दारात येऊन बसला तेव्हा ती आतल्या आत सात दालनं मागे सरकली. त्याने हमीपत्राची प्रत आत सारली. ती चावून पाहिल्यावर राणीची खात्री पटली.

“तुमच्या घराण्याने आमच्या पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या,” ती म्हणाली. “पण कसे आहात म्हणून विचारायला आलेला तू पहिलाच.”

मग तिने सांगितलं की इथे पाऊस पश्चिमेकडून येतो. दार तिकडे ठेवलं तर पिल्लं भिजतात. म्हणून पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला. बाबलने एकशे बारा वारुळं तपासली. एकशे बाराही पूर्वेकडे पाहत होती. त्याने अहवालात तसं लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ताठ मानेने झोपला.

पंधरा दिवसांनी नोटीस आली. मंजूर निष्कर्ष पश्चिम असताना अहवालात पूर्व आढळून आली आहे. सबब अर्जदाराने खाल्लेल्या सर्व मुंग्या मूळ स्थितीत परत कराव्यात, अन्यथा पदवी मिळणार नाही.

बाबल अस्वलसरांकडे धावला. सर पोळ्यात तोंड घालून बसले होते. तिथूनच त्यांनी सल्ला दिला की पूर्वेला खोडून पश्चिमेला कर, एका शब्दाचं तर काम आहे.

बाबल तीन दिवस चेंडू होऊन पडून राहिला. चौथ्या दिवशी तो कार्यालयात गेला, खिडकीशी उभा राहिला आणि गुंडाळला न जाता म्हणाला, “मॅडम, वारुळं पूर्वेलाच बघतात. मी सगळी पाहिली आहेत. मी खोडणार नाही.”

एवढं सलग तो आजवर कोणाशीच बोलला नव्हता.

घोरपडबाईंनी फाईल पुढून पाहिली, मागून पाहिली. त्यांना बाबलचं कौतुक वाटलं. “अहवाल तू बदलत नाहीस,” त्या म्हणाल्या. “मंजूर अर्ज मला बदलता येत नाही. मग बदलण्यासारखं राहिलं काय?”

बाबलला सुचेना. बाईंना सुचलं.

आठवड्याभरात वाघाच्या पंजाचा ठसा असलेला आदेश रानभर लागला. मंजूर संशोधनानुसार सर्व वाळवींनी आपापल्या वारुळाचं तोंड पंधरा दिवसांत पश्चिमेला करून घ्यावं. तसं न केल्यास वारूळ अनधिकृत समजलं जाईल.

बाबल धापा टाकत ओढ्याकाठी गेला. असं करू नका, पदवी गेली तर जाऊ दे, असं त्याने राणीला विनवलं. राणीने आदेशाचा एक कोपरा खाऊन पाहिला.

“आम्ही कागदाला नाही म्हणत नाही,” ती म्हणाली. “कागदावरच तर जगतो.”

पंधरा दिवसांत एकशे बारा वारुळांनी मान फिरवली. तपासणी पथक आलं, त्याला सगळी तोंडं पश्चिमेला आढळली. अहवालातली पूर्व ही टंकलेखनातली चूक ठरली. बाबल पहिल्या वर्गात पास झाला. वडिलांनी हार आणला, पण बाबल चेंडू होऊन पडला होता आणि चेंडूला हार कुठून घालायचा ते त्यांना कळेना.

पावसाळ्यात व्हायचं ते झालं. पाणी सरळ दारातून आत गेलं. वाळवी पिल्लांना घेऊन बाहेर पडली आणि कोरडी जागा शोधू लागली. रानात सगळ्यात कोरडी जागा एकच होती. तिथे लाकडी कपाटं होती, भरपूर कागद होता आणि मुख्य म्हणजे तिची खिडकी पश्चिमेला होती.

महिन्याभरात शिष्यवृत्ती कार्यालयाची तीन कपाटं भुसा झाली. घोरपडबाईंची खुर्ची करकरू लागली. वाळवी कशी घालवावी यावर तातडीचं संशोधन करायचं ठरलं. वाळवीचा जाणकार रानात एकच होता.

बाबल आला. बाईंनी अठरा पानी अर्ज त्याच्यापुढे ठेवला आणि सवयीने रकाना नऊवर नख ठेवलं. “हा आधी भर.”

बाबलने लेखणी उचलली आणि खाली ठेवली. मग तो भिंतीपाशी गेला आणि भेगेला कान लावून हळूच म्हणाला, “राणीसाहेब, मागच्या वेळी तुम्हाला न विचारता लिहिलं. या वेळी तुम्ही सांगा.”

आत बराच वेळ कुरतडण्याचा आवाज येत राहिला. मग राणी म्हणाली, “इथे बरं आहे रे. पिल्लं कोरडी आहेत.”

बाबलने परत येऊन रकाना भरला, ‘वाळवी जाणार नाही.’

घोरपडबाईंनी रकाना भरलेला आहे एवढं पाहिलं आणि शिक्का मारला. अर्ज त्याच दिवशी मंजूर झाला.

तेव्हापासून कोणी कडुनिंबाचा पाला घेऊन त्या कार्यालयात शिरलं, तर बेडूक त्याला दारातच अडवतो. मंजूर निष्कर्षाच्या विरुद्ध काही करायला परवानगी नाही. घोरपडबाई आता उभ्याने काम करतात. बाबलला दरमहा टोपली मिळते, आणि हमीपत्र अजून चालू असल्यामुळे तो राणीशी फक्त गप्पा मारतो.

तात्पर्य : मुलांनो, खरं काय ते शोधण्यात उगाच वर्षं घालवू नका. शिक्का बसायच्या आधी रकाना भरा, म्हणजे जग मागून त्याप्रमाणे वळतं. मात्र लिहिण्यापूर्वी ज्याचं घर वळणार आहे त्याला एकदा विचारून घ्या.